आपला ब्रश आपण लिहायचा

प्रस्तावना

२०१० साली रिकार्दो काबेयो या स्पॅनिश प्रोग्रामरनी ‘हार्मनी’ नावाचं एक छोटं चित्रसाधन वेबवर ठेवलं. वेबच्या जगात ते ‘मिस्टर डूब’ म्हणून ओळखले जातात. पांढरा पडदा, वर एक बारीक पट्टी, तिच्यात रंग आणि ब्रशांची यादी, एवढाच त्या साधनाचा पसारा. यादीतला पहिला ब्रश ‘स्केची’. त्याने सरळ रेघ ओढली तर विशेष काही दिसत नाही. पण तीच जागा पुन्हा गिरवली, एखादा गोल फिरवला, की रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक, फिकट धागे विणले जाऊ लागतात. डोळ्याभोवती दोन-चार वेढे घातले की पापणीखाली सावली पडते. शेडिंग कधी न जमलेल्या माणसाच्या हातूनही असं काही उतरतं की तो स्वतःच पुन्हा पुन्हा बघत राहतो.

यामागचा नियम अगदी थोडक्यात सांगता येतो. हाताखालून गेलेला प्रत्येक बिंदू ब्रश लक्षात ठेवतो. नवा बिंदू आला की जुन्या सगळ्या बिंदूंपासून त्याचं अंतर मोजतो. जे बिंदू ठरावीक अंतराच्या आत असतील त्यांच्यापैकी काहींना फिकट रेघेने जोडतो. कोणाला जोडायचं हे फासा टाकून ठरतं, आणि बिंदू जितका जवळ तितकी त्याचा नंबर लागण्याची शक्यता जास्त. बस्स. सावली, पोत, केसांची दाटी यांचा त्या नियमात कुठे उल्लेखही नाही. हाताची फिरत आणि हा एवढासा नियम यांच्या मिळणीतून ते सगळं येतं. ‘शेडेड’, ‘क्रोम’, ‘फर’, ‘वेब’ हे यादीतले इतर ब्रश म्हणजे याच कल्पनेची वेगवेगळी रूपं. मूळ कल्पना झे फ्रँक यांच्या ‘स्क्रिबलर’मधली, हेही काबेयो यांनी नोंदवून ठेवलं होतं.

हार्मनीचं मला सर्वांत मोल वाटतं ते तिच्या फाइलींच्या मांडणीमुळे. तिचा सोर्स कोड कोणालाही वाचायला उघडा होता आणि प्रत्येक ब्रश आपापल्या स्वतंत्र फाइलीत होता. ती फाइल उघडली की आत मुख्यतः तीन प्रश्नांची उत्तरं सापडतात. हात टेकला तेव्हा काय करायचं? हात सरकला तेव्हा काय करायचं? हात उचलला तेव्हा काय करायचं? ज्याला ही तीन उत्तरं लिहिता आली त्याने ब्रश केला. मग त्याला चित्रकलेची पदवी असो वा नसो, संगणकशास्त्राची तर नसलीच तरी चालेल.

हे पुस्तक या तीन प्रश्नांविषयी आहे, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या चौथ्याविषयी: त्याच कॅनव्हासवर, त्याच क्षणी, दुसऱ्या गावात बसलेलं कोणीतरी चित्र काढत असेल तर? ज्यांचे ब्रश वापरणाऱ्याला स्वतः लिहिता येतात आणि ज्यांच्यावर अनेकांना एकत्र रेखाटता येतं, अशी चित्रसाधनं हा आपला विषय. या दोन गोष्टी वेगवेगळ्या साधनांत बऱ्याच काळापासून आहेत. त्या एकत्र आल्या की काय घडतं, हे मात्र मराठीत कोणी सविस्तर मांडल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

थोडं मागे जायला हवं. संगणकाच्या पडद्यावर हाताने रेघ ओढण्याची सुरुवात आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’पासून धरतात. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या यंत्रावर प्रकाशलेखणीने चालणारी ही प्रणाली त्यांनी १९६३ च्या आपल्या प्रबंधात मांडली. ती रंगवण्यासाठी नव्हती, आराखड्यांसाठी होती. पण तिच्यात एक गोष्ट अशी होती जी आजही नवी वाटते: कच्ची रेघ ओढायची आणि तिला अट घालायची. या दोन रेघा समांतर राहोत, या दोन बाजू समान होवोत, म्हटलं की यंत्र ती अट पाळत असे. हाताने अंदाज द्यायचा, नियमाने शिस्त लावायची.

रंग आला तो झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात. रिचर्ड शूप यांचं ‘सुपरपेंट’ १९७३ मध्ये चालू झालं. पुढच्या वर्षी आल्वी रे स्मिथ त्यांना येऊन मिळाले. २५६ रंग, पडद्यावरच मांडलेली रंगपाटी, ब्रशांच्या खुणा, व्हिडिओतली चित्रं आत घेण्याची सोय: पुढच्या प्रत्येक रंगकामाच्या सॉफ्टवेअरचा साचा तिथे घडला. १९८४ मध्ये बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या ‘मॅकपेंट’ने तो साचा घराघरांत नेला. आणि इथेच, माझ्या मते, एक दार बंद झालं. ब्रश म्हणजे यादीतून निवडायची वस्तू, असं त्या पिढीने गृहीत धरलं. चौकोनी, गोल, तिरपा. हवा तो घ्या. तो तसा का वागतो हे विचारायची सोय नव्हती. मॅकपेंटचा सोर्स कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांसाठी खुला केला तो थेट २०१० मध्ये, म्हणजे हार्मनी आली त्याच वर्षी. इतकी वर्षं लोकांनी ज्या ब्रशाने चित्रं काढली त्याचं पोट तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं.

या काळात ब्रशाकडे गांभीर्याने पाहणारेही होते, फक्त ते थोडे आडबाजूला होते. स्टीव्ह स्ट्रासमन यांनी १९८६ मध्ये जपानी शाईचित्रांसाठी केसाळ ब्रश मांडला. त्यात ब्रशाचा प्रत्येक केस स्वतःची शाई वागवत होता, त्यामुळे रेघ पुढे जाता जाता कोरडी पडत असे. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम करणाऱ्या पॉल हेबर्ली यांच्या १९८९ च्या ‘डायनाड्रॉ’मध्ये ब्रशाला वजन होतं. हात पुढे जातो, ब्रश मागून ओढला जातो, वळणावर थोडा बाहेर फेकला जातो. थरथरत्या हाताची रेघही त्यामुळे सुलेखनासारखी लवचिक उमटते. आज टॅबलेटवरच्या चित्रसाधनांत रेघ सावरून घेण्याची जी सोय असते ती याच जातकुळीची. हेबर्लींचा तो प्रोग्राम लहानसा आहे. जो वेग, वस्तुमान आणि घर्षण शाळेत शिकला आहे त्याला तो एका संध्याकाळी समजतो, आणि पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात आपण तो पहिल्यापासून उभा करणार आहोत.

त्याच वर्षी क्रेग हिकमन या कलाशिक्षकांनी आपल्या लहान मुलासाठी ‘किड पिक्स’ लिहिलं. त्यातले ब्रश खुळे होते. एक रेघ ओढली तर शाईचे ओघळ खाली येत, दुसरी ओढली तर फांद्या फुटत. मोठ्यांच्या सॉफ्टवेअरने ब्रशाला आज्ञाधारक करून ठेवलं होतं. लहान मुलांच्या सॉफ्टवेअरने त्याला स्वभाव दिला. ब्रशाला स्वभाव असू शकतो, ही समज मी तरी तिथून घेतो.

आपल्याकडे शाळेत ‘लोगो’ शिकलेल्यांना त्यातलं कासव आठवत असेल: पन्नास पावलं पुढे जा, नव्वद अंश वळ. १९६७ मध्ये सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या कामातून जन्मलेली ही भाषा मुलांना भूमिती अंगाने शिकवायची. तिच्या थोरवीबद्दल दुमत नाही. पण लोगोत हात बाजूला राहतो. तुम्ही आज्ञा लिहिता, चित्र कासव काढतं. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी सुरू केलेली ‘प्रोसेसिंग’ ही भाषा आणि तिच्यातून पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी वेबसाठी सुरू केलेलं ‘पी-फाइव्ह’ यांनी कोडने चित्र काढणाऱ्यांची एक मोठी जमात तयार केली. तिथेही बहुतेक वेळा कोड लिहून झाला की चित्रकार खुर्चीत मागे रेलून पाहतो. लिहिलेल्या ब्रशाचं वेगळेपण यात आहे की नियम तुमचा असतो आणि हातही तुमचाच असतो. दोन्ही एकाच वेळी काम करतात. नियम लिहिताना सुचलं नव्हतं ते हात शोधून काढतो. आणि हाताला जे सापडलं त्यावरून तुम्ही नियम बदलता.

एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जेनिफर जेकब्स यांनी ‘डायनॅमिक ब्रशेस’ हे साधन केलं ते याच जोडीसाठी. हाताने काढणाऱ्या चित्रकारांना आपल्या ब्रशाचं वागणं स्वतः ठरवता यावं, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी हे साधन प्रत्यक्ष चित्रकारांच्या हाती देऊन तपासलं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. प्रोग्रामरला सोपी वाटणारी गोष्ट चित्रकाराला सोपी असेलच असं नाही, आणि उलटही.

नियमाने रेखाटणं आपल्या देशात परकं कधीच नव्हतं. तमिळनाडूतल्या बायका रोज सकाळी दारात ठिपक्यांभोवती वळणं घेत काढतात त्या कोलमचा अभ्यास मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केला. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांचा १९७४ चा शोधनिबंध कोलमची रचना औपचारिक व्याकरणाच्या नियमांत बसवून दाखवतो. ज्या काळी भारतात संगणक मोजक्याच संस्थांत होते, तेव्हा दारातल्या पिठाच्या रेघा संगणकशास्त्राचा विषय झाल्या होत्या. नियम आधी होता, कोड नंतर आला.

मी पुस्तकाची सुरुवात मात्र बोरूने केली आहे. कारण बोरू हा सर्वांत सोपा लिहिता येणारा ब्रश. टाक किंवा बोरू यांचं टोक गोल नसतं, सपाट आणि तिरकं छाटलेलं असतं. म्हणजे ते टोक कागदावर बिंदू उमटवत नाही, छोटी तिरपी रेघ उमटवतं. हात त्या रेघेच्या दिशेने सरकला तर अक्षराचा भाग बारीक येतो, आडवा गेला तर जाड येतो. संगणकाला हे सांगायला एकच वाक्य लागतं: हात जिथे असेल तिथे, डावीकडे वर थोडं आणि उजवीकडे खाली तेवढंच, अशी तिरपी रेघ काढ. हात सरकत जातो, अशा शेकडो रेघा एकमेकींना चिकटतात आणि पडद्यावर सुलेखन उमटतं. आता गंमत पाहा. रोमन लिपीसाठी टोक एका बाजूला छाटतात, देवनागरीसाठी उलट बाजूला. कोडमध्ये हा फरक एका उण्या चिन्हाचा आहे. ते चिन्ह बदलून त्याच हाताने ‘क’ काढून बघावा; अक्षराचं वजन चुकीच्या जागी गेलेलं लगेच कळतं. देवनागरीची अक्षरं आपण रोज वाचतो, पण त्यांचा जाड-बारीकपणा कुठून येतो हे बोटांना कळण्यासाठी हा ब्रश एकदा लिहून बघायला हवा. पूर्वीचा लेखनिक आपला बोरू चाकूने स्वतः छाटत असे. हातानुसार, कागदानुसार, मजकुरानुसार. हत्यार घडवणं हा लिहिण्याचाच भाग होता.

इथे एक सोय सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसते. जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात. या पुस्तकातल्या सगळ्या ब्रशांत म्हणूनच ‘जाडी’, ‘कोन’, ‘वेग’, ‘दाब’, ‘आधीचा_बिंदू’ अशी नावं आहेत. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, ते थोडे आहेत आणि पाठ होतात. पण आपण घातलेली नावं आपली असली की कोड वाचणारं मूल अडखळत नाही. व्यवसायात असं लिहू नये असं काही जण सांगतील. व्यवसायात त्यांनी खुशाल लिहू नये. शिकताना नावं कळली पाहिजेत, एवढं मला पुरे आहे.

आता चौथा प्रश्न. सामायिक कॅनव्हास करायचे मुळात दोन मार्ग आहेत. पहिला, बदललेले पिक्सेल सगळ्यांना पाठवायचे. हे सरळ आहे, पण जड आहे. दुसरा, हाताची हालचाल पाठवायची: या ब्रशाने, या रंगाने, अमुक बिंदूंवरून हात असा गेला. समोरच्याचा संगणक तीच हालचाल आपल्याकडे पुन्हा करून घेतो. ‘ड्रॉपाइल’ हे मुक्त सॉफ्टवेअरही पिक्सेलऐवजी रेखाटण्याच्या आज्ञाच पाठवतं. पाठवायचा मजकूर थोडा, त्यामुळे सावकाश इंटरनेटवरही काम होतं. पण हालचाल पाठवण्यात एक गृहीतक आहे: तोच ब्रश, त्याच हालचालीला, प्रत्येक यंत्रावर अगदी तसाच उमटेल.

वापरणाऱ्याने लिहिलेला ब्रश या गृहीतकाला पहिल्याच फटक्यात तडा देतो. हार्मनीचा स्केची ब्रश आठवा. तो फासा टाकतो. माझ्या संगणकावर पडलेलं दान तुमच्या संगणकावर पडणार नाही. मला जिथे धागा दिसतो तिथे तुम्हाला मोकळी जागा दिसते, आणि आपण दोघं एकच चित्र बघतोय असं समजून त्याबद्दल बोलत राहतो. यावर उपाय असा की फासा खरा नकोच. संगणकातले यादृच्छिक आकडे एका बीजाकडून ठरावीक क्रमाने उगवतात. बीज तेच दिलं तर क्रमही तोच येतो. जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या फाशाला बीज देता येत नाही, म्हणून सामायिक कॅनव्हासवर ब्रश लिहिणाऱ्याला वेगळा फासा द्यावा लागतो आणि प्रत्येक रेघेबरोबर तिचं बीजही पाठवावं लागतं. मग दान दोन्हीकडे एकच पडतं.

घड्याळाचंही तेच. ओघळणाऱ्या शाईचा ब्रश लिहिला आणि ओघळ पडद्याच्या प्रत्येक नव्या चौकटीला एक पिक्सेल खाली उतरवला, तर वेगवान यंत्रावर तो लांब जातो, जुन्या फोनवर आखूड राहतो. ओघळ किती पावलं जाणार हे आकड्याने ठरवावं, वेळेवर सोडू नये. रेघांच्या क्रमाचा गुंता तर याहून मोठा. पिवळ्यावर निळी पारदर्शक रेघ आणि निळ्यावर पिवळी यांत फरक पडतो, आणि दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी रेघ ओढली तर कोणाची आधी? प्रत्येकाला आपली आधी वाटणार, कारण आपली रेघ आपल्याला ताबडतोब दिसते. म्हणून मध्ये एक सर्व्हर बसवून त्याने दिलेला क्रम सगळ्यांनी मानायचा, आणि आपल्याकडे घाईने दाखवलेली रेघ त्या क्रमात नंतर निमूट बसवून घ्यायची. ‘मागे घ्या’ हे बटण दाबल्यावर कोणाची रेघ मागे जावी, या एका प्रश्नावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. माझं मत तिथे स्पष्ट आहे: फक्त स्वतःची. दुसऱ्याने तिच्यावर काही काढलं असलं तरी ते जसंच्या तसं राहावं.

या सगळ्यापेक्षा नाजूक बाब विश्वासाची. दुसऱ्याचा ब्रश माझ्या कॅनव्हासवर चालतो म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड माझ्या ब्राउझरमध्ये चालतो. तो माझी माहिती चोरू शकतो, किंवा कसलाही वाईट हेतू नसताना न संपणाऱ्या फेऱ्यात अडकून सगळ्यांचे पडदे गोठवू शकतो. एखादा प्रोग्राम कधी थांबेल की नाही हे आधीच ओळखणारी सर्वसाधारण युक्ती असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं. म्हणून ब्रश तपासून आत घ्यायचा हा मार्ग अपुरा पडतो. त्याला बंद खोलीत चालवायचा, वेळेची मर्यादा घालायची, मर्यादा ओलांडली की थांबवायचा. आणि खोलीत त्याला फार थोड्या गोष्टी द्यायच्या: हाताची जागा, दाब, वेग, दिशा, रंग, आपला बीजाचा फासा. नेटवर्क नाही, घड्याळ नाही, इतर कशाचा पत्ता नाही. ही तंगी ब्रश लिहिणाऱ्याला सुरुवातीला जाचते. पण चांगले ब्रश एवढ्याच सामग्रीतून होतात. स्केचीला यातलंही सगळं लागलं नव्हतं.

अनेक हातांची आणि कोडची गाठ कोणी न बोलावताही पडते, याचं मोठं उदाहरण म्हणजे ‘रेडिट’ या संकेतस्थळावरचा ‘प्लेस’. एप्रिल २०१७ मध्ये ७२ तास चाललेल्या या प्रयोगात १००० गुणिले १००० चौकटींचा एक कॅनव्हास होता आणि १६ रंग. प्रत्येकाला एका वेळी एकच चौकट रंगवता यायची, मग काही मिनिटं थांबायचं. दहा लाखांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे १ कोटी ६० लाख चौकटी रंगवल्या. झेंडे, चित्रं, मोनालिसासुद्धा. ब्रश यापेक्षा लहान असूच शकत नाही. तरीही लोकांनी थोड्याच वेळात आपलं चित्र राखण्यासाठी आपोआप चौकटी भरणारे छोटे प्रोग्राम लिहिले आणि एकमेकांना वाटले. साधनाने ब्रश लिहायची मुभा दिली नव्हती, म्हणून ती बाहेरून घेतली गेली. ज्यांना कोड येत होता त्यांच्या हाती जास्त बळ आलं, बाकीचे हातानेच भरत बसले. मला यातून दिसतं ते असं की अनेकांच्या कॅनव्हासवर कोड येणारच असेल तर तो पुढच्या दाराने, सगळ्यांना दिसेल असा यावा.

दिसण्याचा परिणाम मी मुलांच्या कार्यशाळांत पाहत आलो आहे. एका मुलीने पावसाचा ब्रश लिहिला होता. हात सरकेल तिथून खाली एक बारीक रेघ, तिची लांबी फाशावर. ढगाखालून हात फिरवला की सर कोसळायची. दुसऱ्या गावातून त्याच कॅनव्हासवर असलेल्या मुलाने तो ब्रश उघडला, बेरजेच्या जागी वजाबाकी केली आणि तळाशी हात फिरवला. रेघा वर गेल्या. “ए, तुझा पाऊस मी उलटा केलाय,” तो माइकवरून ओरडला, “गवत झालं बघ!” तिने ते गवत घेतलं आणि लांबी फाशावरून काढून हाताच्या वेगावर टाकली, हात सावकाश नेला की गवत उंच वाढायचं, झपकन नेला की खुरटं राहायचं. मग बाकीची मुलं त्या गवतावर तुटून पडली. कोणी ते पिवळं केलं, कोणी वाऱ्याच्या दिशेने वाकवलं. चित्र कोणाचं, हे तोवर सांगता येत नव्हतं. गवत कोणाचं, हे मात्र ब्रशाच्या फाइलीत वरच्या ओळींत नावांनिशी नोंदलेलं होतं, कारण ती नोंद ठेवायची शिस्त आम्ही आधीच घातली होती.

मला या विषयाबद्दल जे तळमळीने सांगायचं आहे ते या प्रसंगात आहे. एकत्र बसून चित्र काढणारे नेहमीच एकमेकांचा हात पाहून शिकत आले. संगणकाच्या सामायिक कॅनव्हासवर रेघ दिसते, हात दिसत नाही. रेघेमागचा हात दाखवण्याचा एकच मार्ग इथे उरतो, तो म्हणजे ब्रशाचा कोड. म्हणून अशा साधनात ब्रश बंद करून ठेवायची सोयच नसावी. ज्या रेघेवर बोट ठेवलं तिचा ब्रश उघडला पाहिजे, वाचता आला पाहिजे, बदलून आपल्या नावे पुढे नेता आला पाहिजे, आणि मागच्यांची नावं त्याच्याबरोबर गेली पाहिजेत. बंद ब्रशांचे गठ्ठे विकणारे आज पुष्कळ आहेत आणि त्यांत सुंदर ब्रशही आहेत. ज्याला विकायचे त्याने विकावेत. पण मुलांना, शिक्षकांना, सुलेखनकारांना जे द्यायचं ते उघडंच असावं, यावर मी तडजोड करणार नाही.

कोणी म्हणेल, सगळ्यांना कोड कुठे येतो? येत नाही, आणि यायलाच हवा असंही नाही. ‘मायपेंट’ या चित्रसाधनाने या दोन टोकांमध्ये एक चांगली पायरी बांधली आहे. त्यात हाताचा दाब, वेग, दिशा, फासा यांपैकी कशाचा परिणाम जाडीवर, गडदपणावर, रंगछटेवर किती व्हावा हे वक्ररेषा ओढून ठरवता येतं. ओळ लिहावी लागत नाही. तरी तो ब्रश शेवटी साध्या मजकुराची फाइल असतो. मित्राला पाठवता येतो, उघडून वाचता येतो. ड्रॉपाइलनेही पुढे मायपेंटचे ब्रश आपल्यात घेतले, त्यामुळे असे ब्रश अनेकांच्या कॅनव्हासवर चालू शकतात. ज्यांना कोडची धास्ती वाटते त्यांनी पुस्तकाचा दुसरा भाग आधी वाचावा, तो मायपेंटच्या या वक्ररेषांवर आहे.

आज चित्राची मागणी शब्दांत लिहून यंत्राकडून तयार चित्र घेता येतं. त्याचा इथे उल्लेख एवढ्यासाठीच की हे पुस्तक त्याबद्दल नाही. हॅरॉल्ड कोहेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘आरॉन’ या प्रोग्रामला चित्र काढायला शिकवण्यात आपलं आयुष्य घातलं. त्यामागे एका चित्रकाराची रेघेबद्दलची अनेक वर्षांची समज ओळी-ओळीने लिहिलेली होती, आणि ती त्याला स्वतःला वाचता येत होती. लिहिलेल्या ब्रशाशी त्या कामाचं नातं मला जवळचं वाटतं. आपण लिहिलेला नियम छोटा असेल, पण तो आपल्याला पुरता कळतो. त्यातून अनपेक्षित काही उमटलं तर का उमटलं ते शोधता येतं.

पुस्तक वापरण्याबद्दल थोडं. चालू काळातला कोणताही ब्राउझर पुरेल. अ‍ॅपलने २००४ मध्ये आणलेला आणि नंतर वेबच्या मानकांत सामावलेला ‘कॅनव्हास’ हा घटक आता फोनमध्येही असतो. स्टायलस असेल तर दाबाचे ब्रश नीट अनुभवता येतील, नसेल तर त्या ठिकाणी दाबाऐवजी वेग वापरावा. दोन्हींची उदाहरणं शेजारी-शेजारी दिली आहेत. पहिली पाच प्रकरणं एकट्याने करायची. सहाव्यापासून जोडीदार लागतो. शेजारच्या खोलीतलं कोणी चालेल, पण शक्यतो दूरचं कोणी घ्यावं, म्हणजे इंटरनेटची दिरंगाई, क्रमाचा गोंधळ आणि बीजाचा उपयोग हे सगळं अंगावर येऊन कळेल. शिक्षकांनी बंद खोलीचं प्रकरण, म्हणजे आठवं, वाचल्याशिवाय वर्गाला एकमेकांचे ब्रश चालवू देऊ नयेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक अपुरा ब्रश दिला आहे. त्यात हात सरकल्यावर काय करायचं ते लिहिलं आहे. टेकल्यावर आणि उचलल्यावर काय करायचं त्या दोन जागा रिकाम्या आहेत.